एकोणीस-वीसचा फरक

राडिसावने स्वतःचं थडगं वीस वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं. बायको स्तामेन्का गेली तेव्हा तिच्यासाठी काळा दगड आणला आणि गावच्या रीतीप्रमाणे तिच्या शेजारी आपलाही चेहरा कोरून घेतला. तिथवर ठीक होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं त्याने चेहऱ्याखाली १९३४ हे जन्मसाल घातलं, आडवी रेघ ओढली आणि रेघेपुढे '१९' असे दोन आकडेही कोरून घेतले. उरलेले दोन मेल्यावर मुलगा घालील म्हणाला. शतक संपायच्या आत आपण आटोपणार याबद्दल गड्याला काडीचीही शंका नव्हती.

शतक आटोपलं, राडिसाव राहिला. आता बायकोसाठी मेणबत्ती लावायला गेला की दगडातला मिशाळ राडिसाव त्याच्याकडे बघायचा, उधारीवाल्याकडे वाणी बघतो तसा. गावात त्याला 'मुदत संपलेला' म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा.

यंदा मात्र हसू आटलं. गुडघा दुखतो म्हणून तो जवळच्या चाचाक शहरात दवाखान्यात गेला, तिथे आलाच आहात तर म्हणून रक्त घेतलं, आणि निघाला काय तर प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय. हात दाखवून अवलक्षण! मग तुकडा काढून तपासायला सुई घातली. कुठून घातली हे त्याने गावात कोणालाही सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने शांतपणे समजावलं.

"काका, गाठ लहान आहे आणि मंद जातीची आहे. तीन वाटा आहेत. ऑपरेशन करून ग्रंथी काढायची. नाहीतर किरणांनी जाळायची. किंवा सध्या हात न लावता नजर ठेवायची. ठरावीक महिन्यांनी रक्त बघू, मधूनमधून सुई घालू, आणि ती जागी झालीच तर उपचार करू."

"मंद म्हणजे आळशी?"

"तसंच म्हणा."

"माझीच आहे, शंका नको," राडिसाव म्हणाला. "आणि कापलं तर?"

"काही जणांना लघवी धरवत नाही. काही महिने, कधी कायमचीसुद्धा. आणि बायकोजवळ... तेही अवघड होऊ शकतं. किरणांनीही थोडाफार त्रास होतोच. घाई नाही, विचार करून या."

राडिसावने बाकीचं ऐकलंच नाही. लघवी धरवत नाही! जन्मभर त्याने ओकच्या लाकडाची पिंपं केली. आलुबुखाऱ्याची दारू, राकिया, वर्षानुवर्षं त्यांत मुरायची आणि एक थेंब बाहेर यायचा नाही. 'राडिसावचं पिंप गळत नाही' हे पंचक्रोशीत ठाऊक होतं. आता तोच गळायला लागला तर लोक काय म्हणतील, हे त्याने बसमध्ये स्वतःच म्हणून पाहिलं. चांगले पाच-सहा विनोद सुचले. एकाचंही हसू आलं नाही.

खरी भीती लोकांची नव्हतीच. ती समोरच्या घरात राहत होती, आणि तिचं नाव होतं विदोसावा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जीभ तिखट, हात गोड. "दोन घरांत दोन चुली कशाला पेटवायच्या?" असं ती दोन वर्षांपासून विचारत होती आणि राडिसाव म्हणत होता, "आलुबुखारे उतरले की सांगतो." ते दोनदा उतरले. दोन्ही वर्षांची राकिया गाळून झाली. आता कुठे हो म्हणायचं मनात आलं होतं, तर हे. ज्याचं पुढे काय चालेल आणि काय नाही याचा भरवसा नाही, असला नवरा तिच्या गळ्यात कसा बांधायचा? आणि न कापता बसून राहिलं तर? लोक म्हणतील, भ्याला.

तीनपैकी एकही वाट त्याला धरवेना. शेवटी चौथीच धरली. तो पाथरवटाकडे गेला.

"तिहोमिर, माझं ते '१९' खोडून '२०' कर बाबा. दगड तरी तयार असू दे."

"काका, ग्रॅनाइट आहे तो, पाटी नाही पुसायला," तिहोमिर म्हणाला. "वेळेवर मेला असतात तर ही भानगडच नव्हती. बघतो, जुन्या खाचांत लांबी भरून वरून कोरतो. फरक काय, एकोणीस-वीसचाच आहे."

पाथरवटाच्या तोंडात दगड राहतो, गोष्ट राहत नाही. संध्याकाळी विदोसावा राडिसावच्या कारखान्यात येऊन उभी राहिली.

"मला सांगतोस आलुबुखारे उतरू देत, आणि स्वतः निघालास स्तामेन्काकडे? साल दुरुस्त करून?"

"अगं, ते आपलं असंच..."

"राडिसाव! मी मूर्ख दिसते?"

तो पिंपावर बसला आणि सगळं बोलून टाकलं. सुई कुठून घातली तेसुद्धा. बोलताना आधी थट्टा करत होता, मग थट्टा संपली.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "मरणाची कमी. तुझ्या अंथरुणात गळेन, याची जास्त."

विदोसावा हसली नाही. "माझा ड्रागोल्युब तीस वर्षं तोंडाने गळत होता," ती म्हणाली. "रोज पिऊन यायचा आणि सगळ्या गावाची उणीदुणी काढायचा. मी निभावलं. बरं, डॉक्टरीण घाई नाही म्हणाली ना? मग नजर ठेवायची."

"म्हणजे काहीच न करता वाट बघत बसायचं? पुरुषासारखा पुरुष!"

"काहीच न करता?" आता ती भडकली. "दोन वर्षं मी तुझी वाट बघतेय, म्हाताऱ्या. मला विचार ते किती कष्टाचं काम आहे. रोज उठून करावं लागतं."

"मग तूही चल चाचाकला," राडिसाव म्हणाला.

ठरलेल्या दिवशी दोघं चाचाकला गेली. वाट बघायची ठरली. डॉक्टरीणबाईने पुढच्या रक्ततपासणीची तारीख दिली आणि बजावलं, "ही चुकवायची नाही. नजर ठेवायची म्हणजे खरोखर ठेवायची." मग विचारलं, "या कोण तुमच्या?"

"बायको," राडिसाव म्हणाला, आणि विदोसावाकडे बघायची हिंमत न झाल्यामुळे भिंतीवरच्या मूत्राशयाच्या चित्राकडे बघत राहिला.

येताना बस दफनभूमीपाशी थांबली तेव्हा दोघं उतरली. तिहोमिर छिन्नी-हातोडा मांडून दगडापुढे बसलाच होता.

"काका, वीस घालतो मग?"

"फक्त दोन घाल," राडिसाव म्हणाला. "पुढचं शून्य राहू दे. एकदा तोंड पोळलंय माझं."

"थांब," विदोसावा म्हणाली. तिने आधी स्तामेन्काच्या चेहऱ्यावरचं पान झटकलं, मग शेजारच्या मिशाळ राडिसावकडे पाहिलं. "काही घालू नकोस, तिहोमिर. हा तिचा आहे. हा तिच्याबरोबर एकोणीसशेमध्येच गेला. असू दे तिच्यापाशी." आणि तिने आपल्या शेजारी उभ्या म्हाताऱ्याची बाही धरली. "हा माझा आहे."

राडिसावने बाही सोडवून घेतली नाही. पण सवय वाईट.

"आणि हा गळका निघाला तर?"

"तर गळका," ती म्हणाली. "चल, चूल पेटवायचीय."