क्लॅरिसची साइडकार

कॉस्मस वाकोल्याच्या गावठाणात राहायचा आणि कुर्ल्याच्या एका कारखान्यात फिटर होता. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक मोटारसायकल त्याने दुरुस्त करून घेतली होती. तिच्यावर मागे बसवून तो बायकोला, क्लॅरिसला, मार्व्याच्या धक्क्यापर्यंत न्यायचा. तिथून होडीने पलीकडे मनोरी, तिचं माहेर.

मग एका तापात तिचे पाय गेले. मागे बसणं संपलं, तसं माहेरही. तिकडे तिची आई बर्था एकटी, डोळ्यांनी अधू. मायलेकींची भेटच राहिली.

"तुझ्यासाठी गाडीच्या बाजूला साइडकार करतो," कॉस्मस एके रविवारी म्हणाला.

"इथं? अंगणात?"

"मग कुठं?"

जुन्या खाटेचे लोखंडी पाइप कापून त्याने सांगाडा जोडला. चाक भंगारातून आणलं. वेताच्या खुर्चीचे पाय कापून ती वर बसवली. क्लॅरिस ओट्यावर बसून खुर्चीची उशी शिवायची आणि तिथूनच हुकूम सोडायची. सांगाडा पहिल्यांदा गाडीला आवळला, तेव्हा खुर्चीत वाळूची पोती ठेवून तो चर्चपर्यंत जाऊन आला. गाडी सारखी डावीकडे ओढत होती. त्याने आणखी एक आडवा दांडा घातला, तेव्हा कुठे ती सरळ चालली.

"झालं ना? या रविवारी जाऊ," क्लॅरिस म्हणाली.

"हादरे फार बसतात. तुझी कंबर धरेल. खाली स्प्रिंगा घालतो, मग जाऊ."

"मला चालतील रे हादरे."

"मला नाय चालत."

मोडक्या ट्रकच्या सीटमधल्या स्प्रिंगा मिळवून बसवण्यात महिना गेला. त्या बसल्या त्याच आठवड्यात क्लॅरिसची छाती भरली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण उपयोग झाला नाही. बुधवारी पहाटे ती गेली.

म्हाताऱ्या बर्थाला आणायला कॉस्मसच गेला. मनोरीच्या घरात त्याने तिला सांगितलं. तिने उठून लुगडं बदललं. होडीतून मार्व्याला उतरल्यावर त्याने तिला उचलून साइडकारच्या खुर्चीत बसवलं. तिने हातांनी वेत चाचपला, उशी चाचपली.

"हे तिच्यासाठी केलं होतंस?"

"होय, माय."

"बसली का ती यात?"

"नाय."

मालाड मागे पडलं. रस्ता उखडलेला होता, तरी खुर्ची नुसती हलकी वरखाली होत होती.

"चांगलं केलंयस, बाबा," म्हातारी म्हणाली. "अजिबात हादरा लागत नाय."

कॉस्मसने गाडी एका चिंचेखाली थांबवली. हँडलवर डोकं टेकून तो मोठ्याने रडायला लागला. रस्त्याने जाणारे गाडीवान वळून बघत होते. म्हातारीने हात लांब केला, त्याचा खांदा सापडला तसा तो घट्ट धरून ठेवला. ती स्वतःही रडत होती.

"चल आता," थोड्या वेळाने ती म्हणाली. "माझी पोरगी घरी एकटी आहे."

त्याने तोंड पुसलं आणि किक मारली.