पंचावन्नची बॅग

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बॅग चौकटीत मावली नाही. विमानाकडे जाणाऱ्या रांगेच्या तोंडाशी लोखंडी नळ्यांची ती चौकट उभी होती. हातातलं सामान तिच्यात पूर्ण बसलं तर प्रवाशासोबत आत, नाहीतर जास्तीचे पैसे भरून विमानाच्या पोटात. राखाडी, कडक कवचाची बॅग सरळ खाली गेली, तळाला टेकली आणि तिची चाकं नखभर वर राहिली.

बॅग दोन जावांची होती. दोघींत मिळून एकच. मोठी जाऊ शिवणकाम करते. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर तिच्या हातचं काही ना काही असतं. धाकटी दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते. ती पूर्वी एकदा विमानात बसलेली, त्यामुळे या प्रवासात तिचा शब्द चालायला हवा होता. तो चालला नाही.

बॅगेत काळा कोट होता. मोठीची मुलगी त्याच दिवशी अकरा वाजता, दूरच्या शहरात, न्यायाधीश म्हणून शपथ घेणार होती. तिचा डावा खांदा जन्मापासून उजव्यापेक्षा खाली आहे. तयार कोट घातला की ती वाकडी दिसते, आईच्या हातचा घातला की सरळ. शाळेच्या गणवेशापासून हे असंच चालत आलेलं. फोनवर तिने एवढंच सांगितलं होतं, "आई, मी बोलत असताना लोकांनी खांद्याकडे बघू नये." प्रशिक्षणाच्या काळात ती बरीच वाळली होती. घरी यायला सवड नव्हती, म्हणून नवी मापं तिने स्वतःच घेऊन फोनवर सांगितली. कोट आदल्या संध्याकाळी पुरा झाला.

बॅग घेतली त्याच्या आदल्या आठवड्यात. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत बॅगाच बॅगा होत्या आणि मोठी दारातच थबकली होती.

"एवढी माणसं जातात तरी कुठे?" तिने विचारलं.

"आपल्यासारखीच. कोट पोचवायला," धाकटी म्हणाली.

तिकीट सगळ्यात स्वस्तातलं होतं. त्यावर हातातली एक बॅग चालते, उंची जास्तीत जास्त पंचावन्न सेंटीमीटर, चाकं आणि मूठ धरून. धाकटीने कापडी बॅग काढली. दाबली की दबते, चौकटीत कशीही बसते, असं तिचं म्हणणं. मोठीने ती हातात घेऊन पिळली आणि परत ठेवली. "दबते म्हणजे आतला कोटही दबतो. मी खांद्यात तीन थर घातलेत, ते काय लाटून न्यायचे?"

मग ती कडक बॅगांकडे वळली. परवडणारी एकच निघाली, राखाडी. दुकानदार म्हणाला, "बाई, ही चाकांसकट छप्पन्न आहे. लेबलावर लिहिलंय. पंचावन्नची वरच्या फळीवर आहे, जरा महाग पडेल."

मोठीने पर्समधून टेप काढली. कापडी टेप, टोकाला पितळी पट्टी, आकडे पुसट झालेले. सासूबाईंनी जाताना चाव्या धाकटीला दिल्या होत्या आणि टेप मोठीला. मोठीने बॅग उभी केली, टेप चाकाखाली धरली, वर ओढली.

"पंचावन्न," ती म्हणाली. "तुमचं लेबल खोटं बोलतंय."

"जाऊबाई, दुकानदार स्वतःच्या मालाविरुद्ध कशाला बोलेल?"

"महाग खपवायला. कापडवाला विसरलीस का? तीन मीटर सांगतो आणि देतो पाच सेंटीमीटर कमी."

कापडवाल्याशी मोठीचा अबोला होता. दर वेळी त्याचं कापड घरी आल्यावर कमी भरायचं. शेवटी तिने दुकानच बदललं, तर नवाही तसाच निघाला. सगळे एका माळेचे मणी, असं ती म्हणायची. दुकानदाराने हात जोडले आणि बॅग बांधून दिली.

चौकटीशी उभ्या असलेल्या गणवेशातल्या बाईंना मोठीने तेच सांगितलं. "पंचावन्न आहे. मी मोजून घेतलीय." पुरावा म्हणून तिने टेप काढून बॅगेला लावली. खरंच पंचावन्न भरली.

गणवेशातल्या बाईंनी खणातून पोलादी टेप काढली. छप्पन्न. मग त्यांनी दोन्ही टेपा काउंटरवर शेजारी शेजारी ताणून धरल्या, शून्याला शून्य. दहापर्यंत आकडे जोडीने चालले. तिसाशी कापडी टेप किंचित पुढे सरकलेली दिसली. पन्नासाला डोळ्यांत भरली. कापडी टेपवर शंभर लिहिलं होतं तिथे पोलादी टेप एकशे दोनला टेकली होती.

"ताणलीय," बाई म्हणाल्या. "जुनी झाली की ताणते."

मोठी वाकून बघत राहिली. मागची रांग कुरकुरली. तिला चूक झाल्याची लाज वाटत असेल असं धाकटीला वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. पहिल्यांदा समुद्र बघणारं माणूस दिसतं तशी ती दिसत होती.

"सगळ्यांना कपडे बसले गं," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत एकही झंपर परत आला नाही."

ते कसं, हे तिला बोलता बोलताच कळलं. अंग याच टेपने मोजलं, कापडही याच टेपने. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून चूक कुठेच नाही. एक अख्खी गल्ली या टेपच्या हिशेबाने चालत होती, वाकत होती, नोकरीला जात होती, आणि कुणाचं बटण तुटलं नव्हतं. खोटी ठरली ती फक्त बाहेरून आलेली मापं: दुकानदाराचं लेबल आणि कापडवाल्याचा गज.

"म्हणजे तो कापडवाला," धाकटी म्हणाली.

"हो."

"परत गेल्यावर माफी मागा हो. मी दुरून बघेन."

बॅग विमानाच्या पोटात जायची ठरली. पैसे धाकटीने भरले. कोट मात्र काढून घ्यायचा आणि घालूनच आत जायचं, ही युक्तीही तिचीच. मोठीच्या दंडात तो गेला नसता. धाकटीने चढवला. तिचे दोन्ही खांदे सारखे, त्यामुळे कोट डावीकडून उतरलेला दिसत होता.

"आजपासून घरातले निकाल मी देणार," ती बाह्या झटकत म्हणाली. "पहिला निकाल. यापुढे बॅग मी निवडणार."

मोठी हसली नाही. ती कोटाच्या कमरेकडे बघत होती. धाकटीला वाटलं, चुरगळला. मोठीने कापड चिमटीत धरलं आणि सोडलं.

"या कोटाची मापं मी घेतलेली नाहीत," ती म्हणाली. "तिने सांगितली. मी कापला या टेपने."

धाकटी बाह्या झटकायची थांबली.

मुलीची मापं खऱ्या टेपची असतील तर कोट छातीत दीड सेंटीमीटर सैल, कमरेत एक, आणि खांद्याची शिवण आपल्या जागेवरून बाहेर. तीन थर चुकीच्या हाडावर. पण मुलगी वसतिगृहात राहायला गेली तेव्हा सासूबाईंची दुसरी टेप तिच्या सामानात दिली होती, हिच्याच वयाची, हिच्याइतकीच वापरलेली. ती मापं तिच्यावरची असतील तर कोट चपखल.

विमानात मोठीने कोट मांडीवर उलटा पसरला. पर्सच्या पट्ट्याला टोचलेली सुई तिने काढली होती, दोराही ओवला होता. कोट आत घ्यायला प्रवासाचा दीड तास पुरेसा होता. पोचल्यावर गाडीने थेट सभागृह गाठायचं होतं.

"घ्या ना आत. सैल असण्यापेक्षा बरं," धाकटी म्हणाली.

"आणि बरोबर असला तर?"

धाकटीने मुलीला फोन लावला. तो बंद होता; शपथ घेणाऱ्यांचे फोन सकाळीच जमा करून घेणार होते. मग तिने निरोप लिहिला, "माप कुठल्या टेपने घेतलंस? आजीच्या की नव्या?"

विमान हललं. जमीन खाली गेली, आणि मोठी पुन्हा वाकून बघू लागली. तिच्या बाजूच्या खिडकीत अख्खं शहर तिच्या तळहाताएवढं झालं होतं. त्यात तिची गल्ली कुठेतरी असणार. तिने हात काचेला लावला आणि नकळत बोटांनी वीत मोजली.

मग ती कोटाकडे वळली. सुई डाव्या खांद्याच्या शिवणीवर टेकलेली होती, पण शिवण अजून उसवलेली नव्हती. धाकटीच्या फोनवर निरोपाखाली एकच खूण होती. निरोप गेला होता, पोचला नव्हता.