तारेवरून मातीवर

मी एक म्हातारी कोंबडी आहे. रंगाने पांढरी, तुरा एका बाजूला लोंबणारा आणि चोच पुढून कापलेली. सुरतेच्या डिंडोली भागात, भागीरथीबाईंच्या घरामागच्या लहानशा अंगणात मी राहते. गल्लीतली मुले मला पाहून विचारतात, हिची चोच अशी कशी? मित्रांनो, तेच आज तुम्हाला सांगते.

मला आई नव्हती. म्हणजे असेलही, पण मी तिला कधी पाहिले नाही. यंत्राच्या उबेत मी अंड्यातून बाहेर आले. माझे भाऊ त्याच दिवशी वेगळे काढले गेले, कारण ते अंडी देणार नव्हते. पुन्हा ते कुणाला दिसले नाहीत. मग तापलेल्या पात्याने माझ्या चोचीचे टोक कापले. दाटीवाटीत कोंबड्या वैतागतात आणि एकमेकींना टोचतात, म्हणून ही तजवीज. जागा वाढवण्यापेक्षा चोच कापणे सोपे.

पुढे मला हायवेलगतच्या मोठ्या शेडमध्ये नेले. तिथे तारेचे पिंजरे एकावर एक रचलेले होते. आम्हाला पंख पसरता येत नसत. पायाखाली जमीन नव्हती, उतरती तार होती. अंडे दिले की ते घरंगळत निघून जाई. दिवस मावळला तरी दिवे जळत राहत, कारण उजेडात कोंबडी जास्त अंडी देते. खाद्यातून औषधेही येत, आजारी असो वा नसो, सगळ्यांना. शेजारची एखादी मान टाकी, आणि तिला कुणी उचलून नेईपर्यंत आम्हाला तिच्या अंगावरच उभे राहावे लागे.

तरी माझे कौतुक झाले बरे का! पाहुणे आले की मालक आमच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणे, अंडी देण्यात या कोंबड्यांचा हात कुणी धरणार नाही. मला अभिमान वाटे. दुसरे जगणे मला ठाऊकच नव्हते.

हळूहळू माझी अंडी कमी झाली. पिसे झडली, हाडे ठिसूळ झाली. एके सकाळी मला पायांना धरून क्रेटमध्ये कोंबले आणि टेंपोतून सुरतेला उखाच्या दुकानात आणले. उखा हा डिंडोलीतला चिकनवाला. माणूस वाईट नव्हता, आमच्यापुढे पाणी ठेवायला तो विसरत नसे. शेजारच्या पिंजऱ्यात मांसासाठी झटपट वाढवलेले ब्रॉयलर होते. दिसायला ते थोराड, पण चिवचिवाट अजून पिल्लांचाच. स्वतःच्या वजनाने त्यांचे पाय वाकले होते. गिऱ्हाइके त्यांनाच मागत. माझ्याकडे कुणी बघेना.

मग भागीरथीबाई आल्या. त्यांची सून रंजना बरेच दिवस आजारी होती. लघवीला जळजळ होई, थंडी वाजून ताप भरे. गोळ्यांनी थोडे बरे वाटे, की पुन्हा ताप. खानदेशात त्यांच्या गावी अशक्त माणसाला जुन्या कोंबडीचा रस्सा देतात. उखाने मला दाखवले. बाईंनी मला जिवंतच घेतले. त्यांचा मुलगा वाल्मिक कापडाच्या लूमच्या कारखान्यातून घरी आला की मला कापणार होता.

अंगणात आल्यावर बाईंनी मला खाली सोडले आणि मी कोलमडले. जमीन हलत नव्हती, टोचत नव्हती, आणि तिच्यावर कसे उभे राहायचे ते मला कळत नव्हते. त्यांनी बाजरी टाकली. तुटक्या चोचीने एक दाणाही उचलता येईना. बाईंचे बालपण कोंबड्यांमागे पळण्यात गेले होते. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी माझी चोच बोटाने चाचपली. मग त्यांनी बाजरी भिजवून वाटीत आणली.

वाल्मिक सुरी घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

"थांब रे. तिले जमीनबी माहीत नही."

वाल्मिक चिडला. रंजना तापाने फणफणली आहे आणि तुला कोंबडीची दया येते, असे तो म्हणाला. आपण दर रविवारी खातो, ती कोंबडी काय राजवाड्यात वाढते? बाईंनी त्याचा हात सोडला नाही. आतून रंजनाच हळू आवाजात म्हणाली की मला डाळीचे पाणी चालेल.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात दाखल करावे लागले. तपासणीत कळले की तिच्या शरीरातल्या जंतूंवर नेहमीची औषधे चालतच नाहीत. वाल्मिक घाबरला. असे कशाने झाले, असे त्याने डॉक्टरबाईंना विचारले. त्यांनी सरळ सांगितले की नेमके कशाने, हे सांगता येणार नाही. मेडिकलमधून आणून अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात. मोठ्या शेडमध्ये निरोगी कोंबड्यांनाही औषधे चारतात, त्यानेही निर्ढावतात. मग कच्च्या मांसातून, न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यातून ते माणसांपर्यंत पोचतात. तेव्हा मांस नीट शिजवा, हात आणि विळी धुवा आणि आपल्या मनाने औषधे घेऊ नका. रंजनाला रोज इंजेक्शने सुरू झाली.

बाई दवाखान्यात राहिल्या. घरी मी आणि वाल्मिक. तो पाळीवरून येई, बाजरी भिजवी आणि वाटी माझ्यापुढे सरकवी. रंजनाची खबर चांगली नसली की तो तिथेच पायरीवर बसून राही. मी आपली चालायला शिकत होते. पडायचे, उठायचे.

एका दुपारी भिंतीकडेची माती उन्हाने तापली होती. का कोण जाणे, मी तिथे अंग टेकले, पायांनी माती उकरली आणि पंखांवर उडवली. हे मला कुणी शिकवले नव्हते. डोळे मिटून मी मातीत लोळत राहिले. मित्रांनो, इतके सुख असते हे मला माहीतच नव्हते! डोळे उघडले तेव्हा वाल्मिक माझ्याकडे टक लावून बघत होता. सुरी त्याने कधीच आत नेऊन ठेवली होती.

रंजनाचा ताप उतरला. ती घरी आली तेव्हा वाल्मिकने आईला माझी मातीतली आंघोळ दाखवली आणि म्हणाला की मी आता चिकन खाणार नाही. आईने त्याला अडवले नाही, पण स्वतः तशी शपथही घेतली नाही. गावाकडे त्यांच्या भावाच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात. सणावारी तिथे गेल्या की त्या खातात. त्या म्हणाल्या, "खानं येगळं, न् जनमभर कोंडी ठेवनं येगळं."

एरवी रविवारी आता घरात कधी वांग्याचे भरीत, कधी शेवभाजी होते.

रंजना अंगात ताकद आल्यावर उखाकडे गेली. तुझ्या कोंबड्या कुठून येतात, त्यांना काय चारतात, एवढेच तिने विचारले. उखा वैतागला. "ताई, माझं पोट यावर आहे. माल येतो, मी विकतो." ती भांडली नाही. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या आणखी दोघींनी तेच विचारले. मग उखाने माल देणाऱ्याला विचारले, त्याला धड उत्तर मिळाले नाही, म्हणून तो स्वतः दोन-तीन ठिकाणी जाऊन आला. आता त्याच्याकडे मोकळ्या वाढलेल्या, विनाकारण औषध न चारलेल्या थोड्या कोंबड्या येतात. महाग पडतात, म्हणून लोक कमी घेतात. पिंजऱ्यातल्याही अजून येतात. पण त्यांच्या रिकाम्या क्रेटची थप्पी पूर्वीपेक्षा लहान दिसते, असे रंजना सांगते.

मित्रांनो, काय खावे आणि काय खाऊ नये, हे तुमच्या घरचे आणि तुम्ही ठरवाल. माझे मागणे लहान आहे. ताटात आलेला जीव कसा जगला, हे एकदा विचारा. मी त्या शेडमध्ये उभी होते तेव्हा बाहेर कुणीच ते विचारत नव्हते, म्हणून आत कुणाला उत्तर द्यावे लागत नव्हते. आता डिंडोलीच्या एका गल्लीत विचारतात.