संध्याकाळचे आकडे

"आणि संध्याकाळच्या नोंदी आमच्या पुंडलिककाकांच्या," विशाखा माईकवर म्हणाली. "सलग चाळीस संध्याकाळ! काका, उभे राहा ना."

कॉलेजच्या बागेतला माळी पुंडलिक मागच्या रांगेतून कसाबसा उठला. टाळ्या पडल्या. हात जोडले, पण मान काही वर होईना.

विशाखाचं संशोधन बागेतल्या केळींवरचं. केळफुलातला मध दिवसा शिंजीर पक्षी पितो, दिवेलागणीनंतर वटवाघूळ. दोघांत जास्त वेळा कोण येतं? सकाळी ती स्वतः मोजायची. पडद्यावर उत्तर झळकत होतं: रोज सरासरी शिंजीर पंचवीस वेळा, वटवाघूळ एकदा.

कार्यक्रम संपल्यावर पुंडलिकनं तिला जिन्याखाली गाठलं.

"ताई, ते संध्याकाळचं समदं खोटं हाय."

"म्हणजे?"

"मी केळीपाशी बसलोच नाय. पयल्या दिवशी बसलो व्हतो, तर एक वटवाघूळ तोंडावरून गेलं. लई भ्यालो. मंग रोज वॉचमनच्या खोलीत बसून लिवायचो. एक, दोन, कधी काहीच नाय."

"मला सांगायचं होतं, काका."

"गवतात साप हातानं धरतो मी. वटवाघळाला भ्यालो, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

तिचे डोळे भरून आले. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी विशाखाच्या मार्गदर्शक सरांचा चढलेला आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. पुंडलिक तिथंच कुंड्यांना पाणी घालत होता. "मोजण्यात माझीच चूक झाली, सर," विशाखा सांगत होती. त्याचं नाव तिनं घेतलंच नाही. ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झारी ठेवून तो ओल्या पायांनीच आत गेला.

"सायेब, चूक माझी हाय. ताईंना बोलू नका."

त्या संध्याकाळी तो केळीखालच्या बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळानं विशाखाही वही घेऊन आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. अंधारून आलं तशी वटवाघळं येऊ लागली. शिंजीर फुलाच्या कडेला बसून बारीक चोच बुडवतो. ही तर फुलाला मिठी मारून लोंबकळत होती. एका मादीच्या छातीला पिल्लू बिलगलेलं होतं. भीती गेली नव्हती, पण पुंडलिक जागचा हलला नाही.

"नऊ," तो हळूच म्हणाला.

विशाखानं लगेच लिहिलं नाही. आधी मान वर करून तिनं स्वतः पाहिलं, मग आकडा टाकला. दहाव्यालाही तसंच.

अकरावं आलं तेव्हा पुंडलिकनं आकडा सांगितला नाही, नुसतं बोट दाखवलं.