मोयनोकच्या दारातली खुंटी

दचकू नका, मी चाबूक आहे. निदान जन्मानं तरी. आज बोलताना माझा आवाज होणार नाही, कारण ज्यातून आवाज निघायचा तो भाग आता माझ्याकडे उरलेला नाही. मी एका गोल लोकरी तंबूच्या लाकडी दाराच्या चौकटीत ठोकलेला आहे आणि फार मजेत आहे. इथवर कसा पोहोचलो, ते ऐका.

माझा जन्म नारीनच्या डोंगरातला. जुमाकादिर नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळानं तांबड्या लाकडाच्या झुडपाची एक सरळ काठी तोडून आणली, वर्षभर छपराखाली वाळवली आणि बोकडाच्या कातड्याच्या आठ पट्ट्या भिजवून माझी वेणी घातली. मधेच बायकोला म्हणाला, "बघ, तुझ्या वेणीपेक्षा सरळ झाली." ती म्हणाली, "मग आज तिलाच जेवण करायला सांगा." म्हातारा खाली मान घालून माझ्या मुठीला तांब्याचं कडं बसवू लागला.

त्याच्या मनगटात मी दहा वर्षं लटकलो. घोड्याला क्वचितच लागलो. माझी नुसती सावली हलली तरी घोडा समजून जायचा. आमच्याकडे घोड्यावरच्या माणसाच्या हातात चाबूक असतोच. पण दुसऱ्याच्या दारात गेलं की तो बाहेर अडकवून मगच आत शिरायचं. चाबूक घेऊन आत येणारा भांडायला आला असं समजतात. जुमाकादिर इतका कडक की स्वतःच्या घरातसुद्धा मला बाहेर टांगायचा. "घर आपलं असलं म्हणून रीत सोडायची का?" असं म्हणायचा.

तो गेला आणि मी त्याच्या मुलाच्या हातात आलो. त्याचं नाव ओमुरझाक. माणूस मुळात वाईट नव्हता, पण चारचौघांत वाहवा मिळवायची भारी हौस. त्यानं एक पिल्लू आणलं. सगळं अंग काळं आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा, म्हणून नाव मोयनोक, म्हणजे पांढऱ्या गळ्याचा. मेंढवाड्याच्या कुत्र्यांचे कापतात तसे कान कापले, शेपूट कापलं, आणि झुंजीसाठी पोसायला सुरुवात केली. मोयनोक दोन वर्षांत वासराएवढा झाला. ओमुरझाक गावभर सांगत सुटला, "बघाल तुम्ही. समोरच्याला आडवाच पाडतो की नाही!"

झुंजीच्या दिवशी सगळा गाव माळावर जमला. मोयनोक रिंगणात गेला, समोरच्या कुत्र्याचा वास घेतला, शेपटाचं थोटूक हलवलं आणि स्वतःच आडवा झाला. उन्हात, चक्क जांभई देऊन.

"ओमुरझाक, त्याला उशी द्यायची राहिली रे!" कुणीतरी ओरडलं. गाव तीन दिवस हसत होता.

त्या संध्याकाळी ओमुरझाकनं मला वापरलं. पुढेही वापरलं, रोज. मला हात नाही, मी काय करणार, असं म्हणून मला सुटता येईल. पण लागलो मीच. कातड्याला कातडं लागतं तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण मीही एकेकाळी कुणाच्यातरी अंगावरच होतो. मला लाज वाटायची, आणि लाज वाटूनही मी रोज लागायचो.

एक दिवस अंगणात एक जुनाट हिरवी गाडी येऊन थांबली. त्यातून जिपार उतरली. ही बाई पूर्वी गुरांच्या दवाखान्यात कामाला होती. निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या लोकर कातरायच्या बंद शेडमध्ये तिनं टाकलेली, मार खाल्लेली कुत्री ठेवायला सुरुवात केली. त्यांना बरं करायचं आणि चांगलं घर बघून द्यायचं, हा तिचा उद्योग. गाव तिला वेडी म्हणायचा, पण तोंडावर एजे, म्हणजे ताईच म्हणायचा.

"ओमुरझाक, कुत्रा दे."

"घेऊन जा एजे, कटकट जाईल. भित्रा आहे नुसता."

"भित्रा नाही, शहाणा आहे. घरात एकाला तरी असायला हवं."

ओमुरझाकला झोंबलं. त्यानं मनगटातून मला सोडवलं आणि गाडीच्या डिकीत भिरकावलं. "मग हाही ने. त्याला हीच एक भाषा कळते!"

जिपार इतकी संतापली की तिनं डिकी धाडकन आपटली, आणि मग मला साफ विसरून गेली. तिच्या डिकीत विसरायला पुष्कळ होतं. फुटकी बादली, स्टेपनी, एकेकटे हातमोजे आणि मी. डिकीला गंजून एक भोक पडलं होतं, त्यातून मला जग दिसायचं. तेवढं मला पुरे होतं.

जिपारपाशी मोयनोक अगदी कोकरू. तिच्या बुटावर हनुवटी टेकून झोपायचा, मांजरीचं पिल्लू पाठीवर चढलं तरी हलायचा नाही. फक्त गाडीच्या मागच्या बाजूला फिरकायचा नाही. जिपारनं डोकं चालवलं. "गाडी लागत असेल बिचाऱ्याला!" मग तीन आठवडे लोण्यातून उलटीच्या गोळ्या. मोयनोकनं लोणी मिटक्या मारत खाल्लं, गोळ्या थुंकल्या. मी आतून कितीही तळमळलो तरी उपयोग काय? अहो, गाडी नाही, मी!

मग घरं शोधायला सुरुवात झाली. पहिला मेंढपाळ मोठ्या आनंदानं घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. "एजे, माझ्या मेव्हण्याच्या अंगावर गेला. ही बघ बाही." दुसरा घोडे पाळणारा. तो दुसऱ्याच दिवशी आला, स्वतःचीच फाटकी बाही घेऊन. मग गावातले एक वडीलधारे गृहस्थ घोड्यावरून शेडवर चौकशीला आले, दारातून आत शिरले आणि त्यांचीही बाही गेली. तिन्ही बाह्या उजव्या. दात कुणालाच लागला नव्हता, पण बाही बाहीच.

तिन्ही वेळा हातात काय होतं, ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. येणार कसं? आमच्या माणसांना मनगटातला चाबूक दिसतच नाही. नाकावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतात ना, तशातली गत. आणि जिपार फिरायची गाडीतून, तिच्या हातात कधी चाबूक नसायचाच.

गावची सभा बसली. सभेत ठरलं की शुक्रवारपर्यंत कुत्रा गावाबाहेर गेला तर ठीक, नाहीतर बंदूकवाल्याला बोलवायचं. जिपार भांडली, ओरडली, शेवटी रडलीसुद्धा. सभेत म्हणाले, "एजे, उद्या बाहीच्या जागी पोराचा हात असेल."

गुरुवारी सकाळी तिनं मोयनोकला पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी वरच्या कुरणाकडे काढली. तिथं उन्हाळाभर झुराकान आपा तंबू टाकून राहायची. सत्तरीची विधवा, थोड्या मेंढ्या, जीभ मात्र तरुण. लांडग्यानं तिची दोन कोकरं नेली होती, म्हणून तिला कुत्रा हवा होता.

"आपा, खोटं सांगत नाही," जिपार उतरल्याउतरल्या म्हणाली. "यानं तीन बाह्या फाडल्यात."

"कुणाच्या?"

"पुरुषांच्या."

"मग बिघडलं काय?" झुराकाननं मोयनोकला आपादमस्तक न्याहाळलं. त्यानंही तिला न्याहाळलं. तिनं त्याच्यापुढे सुक्या दह्याची एक गोळी टाकली, ती त्यानं हळूच उचलली. "रीतभात आहे की याला. पण ऐक जिपार. माझ्या दारात आलेल्या पाहुण्यावर गेला, तर मी नाही ठेवायची. माझ्याकडे पाहुणा मोठा."

जिपारनं मान हलवली. भोकातून मला सगळं दिसत होतं.

आणि नेमका पाहुणा आलाच. झुराकानचा दीर शायिरबेक, सकाळीच कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, तीन वाडगे रिचवून, गाणं म्हणत घोड्यावरून उतरला. "वहिनी, चहा टाक!" असं म्हणत चाबूक हलवत दाराकडे निघाला. मोयनोक उठला, दारात आडवा उभा राहिला आणि पोटातून गुरगुरला. जिपारनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं आता. माझ्यामुळे संपलं.

"शायिरबेक!" झुराकान कडाडली. "चाबूक हातात घेऊन माझ्या दारात? तुझा भाऊ गेला म्हणून रीतही गेली का? टांग तो आधी!"

शायिरबेक ओशाळला. त्यानं चाबूक तंबूच्या दोरीला अडकवला. मोयनोकचं गुरगुरणं थांबलं. तो बाजूला सरकला, शायिरबेकच्या गुडघ्याचा वास घेतला आणि त्याच्या पायाशी बसला.

जिपारनं डोळे उघडले. "काय केलंस तू?"

"मी? काही नाही गं. चाबूक टांगला."

"परत घे हातात," झुराकान म्हणाली. त्यानं घेतला, मोयनोक उठला. "टांग." टांगला, मोयनोक बसला. "घे परत."

"वहिनी, मी काय सर्कशीतला आहे का?"

जिपारला तेव्हा कुठे मी आठवलो. ती गाडीपाशी आली, डिकी उघडली आणि बादलीखालून मला बाहेर काढलं. तीन महिन्यांनी मला ऊन लागलं. मला हातात धरून ती वळली. मारायला नव्हे हो, नुसतं धरून.

मोयनोकनं मला पाहिलं. जिपारवर तो गुरगुरला नाही. पोट जमिनीला लावून सरपटत तिच्याजवळ आला, तिच्या पायाशी पडला, डोळे घट्ट मिटले आणि वाट बघू लागला. बाकीच्यांशी त्यानं भांडण केलं होतं, पण ही त्याची होती. तिनं मारलं तर तो मार खाणार होता.

मी तिच्या हातातून खाली पडलो. ती गवतात बसली, त्याचं भलंमोठं डोकं छातीशी घेतलं आणि हुंदके देत म्हणाली, "गाडी लागते म्हणाले मी! तीन महिने हे पाठीशी घेऊन फिरवलं तुला, आणि वर गोळ्या दिल्या!" शायिरबेकचंही नाक गळायला लागलं, पण ते कुमिसमुळे असेल.

"चुलीत घालते याला," जिपार मला उचलत म्हणाली.

"थांब गं," झुराकाननं मला तिच्या हातून काढून घेतलं. "बोकडाचं चांगलं कातडं आहे. चुलीत कशाला? ज्याचं त्याला देऊया."

तिनं माझी वेणी मेंढीच्या शेपटीच्या चरबीत घोळली, दिवसभर उन्हात मुरवली आणि मोयनोकपासून दहा पावलांवर नेऊन ठेवली. शुक्रवारी खाली गावात बंदूकवाला आला, चहा पिऊन परत गेला. इकडे मोयनोक माझ्याभोवती लांबून फेऱ्या मारत होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्यावर भुंकला, भरपूर भुंकला, माझा सगळा हिशेब काढला. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन त्यानं मला चाटलं. आता घाबरायची पाळी माझी होती. पहिला दात लागला तेव्हा खरंच लागलं, आणि मग मला हसू यायला लागलं. म्हाताऱ्यानं निगुतीनं घातलेल्या आठही पट्ट्या त्यानं दोन तासांत फस्त केल्या, ढेकर दिली आणि माझ्या मुठीवरच हनुवटी टेकून झोपला. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

उरली मूठ आणि तांब्याचं कडं. शायिरबेकनं चौकटीला भोक पाडलं आणि मला तिथं ठोकलं. तेव्हापासून मी खुंटी. येणारा प्रत्येकजण आधी माझ्यावर चाबूक टांगतो, मग मोयनोक बाजूला होतो. लांडगा त्यानंतर कुरणात फिरकलेला नाही. जिपारनं डिकी रिकामी केली आहे, आणि नवीन कुत्रं आलं की ते कशापासून लांब पळतं ते ती आधी बघते. गोळ्या देत नाही.

परवा ओमुरझाक येऊन गेला. लांडगे पळवणाऱ्या कुत्र्याची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती. दारात मोयनोक आडवा पडला होता. त्यानं ओमुरझाकला ओळखलं, माझ्या लाकडाला त्याच्या अंगाचा थरकाप जाणवला. ओमुरझाकनं नवा चाबूक माझ्यावर टांगला आणि त्याचा हात कड्यावर थबकला. बापाच्या हातचं कडं ते. बराच वेळ अंगठा फिरवत राहिला.

"आपा, हा कुत्रा माझा आहे," शेवटी तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"तुझा असला तर बोलव. आला तर घेऊन जा."

"मोयनोक!"

मोयनोकनं त्याच्याकडे पाहिलं. हात रिकामा होता, म्हणून गुरगुरला नाही. पण उठलाही नाही. नुसता सरकला, पाहुण्याला वाट दिली तेवढीच. ओमुरझाक आत गेला, एक वाडगा चहा प्यायला आणि बाहेर आला. जाताना त्याचा चाबूक माझ्यावरच राहिला. विसरला म्हणा, ठेवला म्हणा. परत न्यायला काही तो आलेला नाही.

तुम्हीही या कधीतरी. चढ दमवणारा आहे, पण चहा चांगला मिळतो. हातात जे काही असेल ते आधी माझ्यावर टांगा. मी घट्ट धरून ठेवीन, मोयनोक तुम्हाला वाट देईल.