जेवणाच्या टेबलाची फळी

वेंडेल टेशने चेकबुक उघडलं आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. समोर ऑरिन हॅसलब्रिंग कागदी ताटलीत सॉसेज घेऊन उभा होता. त्यावर मोहरी घालायची राहिली होती.

“पूर्ण नाव लिहू, की नुसतं ओ. हॅसलब्रिंग चालेल?” वेंडेलने विचारलं.

“कुठे?”

“चेकवर रे. साडेतीनशेचा. तुझी रायफल मी घेतोय.”

शेगडीभोवती उभे असलेले लोक वळून बघू लागले. ऑरिन हसला. पाच मिनिटांपूर्वीच तो क्लबची नेमबाजीची स्पर्धा जिंकला होता. अडीचशेपैकी दोनशे सत्तेचाळीस गुण, वेंडेलपेक्षा एक जास्त, आणि तेही वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा. जिंकलेल्या माणसाची थोडी थट्टा होणारच, असं त्याला वाटलं.

“बेव्ह, नियम वाच की जरा,” वेंडेल म्हणाला.

बेव्ह ही क्लबची सेक्रेटरी. तिला वाचायची गरज नव्हती, नियम भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेला होता. स्वस्त रायफलींच्या स्पर्धेत जो पहिला येईल, त्याची रायफल कुठलाही स्पर्धक त्याच दिवशी साडेतीनशे डॉलरला मागू शकतो. द्यायची नसेल तर क्लब सोडायचा. एखाद्या पैसेवाल्याने स्वस्त रायफलीच्या पोटात महागडे भाग दडवून कामगार माणसाला हरवू नये, एवढाच त्यातला हेतू. नियम चांगला होता. तो ऑरिननेच लिहिला होता.

“पुरे झालं, वेंडेल,” बेव्ह म्हणाली. “असं कुणी करत नसतं.”

“एकदा केलं होतं कुणीतरी,” वेंडेल म्हणाला आणि त्याने चेकवर सही केली.

ऑरिनचं हसू मावळलं.

ती रायफल त्याने मागच्या नोव्हेंबरात गहाणवटीच्या दुकानातून आणली होती. पॉइंट टू टू बोअरची, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, प्लास्टिकच्या दस्त्याची. चाप इतका जड की दुकानदार स्वतःच म्हणाला, “खारी मारायला ठीक आहे, नेमबाजीसाठी नको.” ऑरिनला तशीच हवी होती. कागदाच्या गिरणीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं घालवलेल्या माणसाला बिघडलेली वस्तूच आवडते.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याची बायको मार्लीस वारली होती. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात मुलीचा ॲरिझोनाहून फोन आला. “बाबा, यंदा आमचं नाही जमत हो. तुम्हीच या ना इकडे.” तो म्हणाला, बघू. मग त्याने कपाटामागे उभी असलेली फळी बाहेर काढली. जेवणाचं टेबल ओढून लांब केलं की मध्ये बसवायची ती अक्रोडाची फळी. सणाला माणसं आली की मार्लीस ती काढायला लावायची. आता टेबल लांब करून बसवायचं कुणाला? त्याने फळी तळघरात नेली आणि करवतीखाली घातली.

एक इंच जाडीत दस्ता होत नाही, म्हणून दोन तुकडे एकमेकांना चिकटवून त्याने ठोकळा केला. फळीवर एक पांढरं वर्तुळ होतं. मार्लीसने कधीतरी ओव्हनमधलं गरम भांडं खाली कापड न घालता तसंच ठेवलं होतं. त्या डागावरून ऑरिनने तेव्हा आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. आता त्याने माप असं धरलं की वर्तुळ बरोबर गाल टेकतो तिथे यावं. बाकी सगळा दस्ता त्याने रंधला, घासला, तेल पाजलं, पण तेवढ्या जागेला हात लावला नाही. नळी दस्त्याला कुठेच टेकू नये म्हणून खोबण इतकी साफ केली की डॉलरची नोट नळीखालून टोकापर्यंत सरकायची. चापाचे भाग आरशासारखे घासले, हलकी स्प्रिंग बसवली. सात कंपन्यांच्या गोळ्या आणून कुठली नीट बसते ते पाहिलं. हिवाळाभर तो त्या तळघरात होता. रडायचं राहून गेलं, पण रायफल झाली.

आता वेंडेलची गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी वेंडेल अशीच एक स्वस्त रायफल घेऊन आला आणि लागोपाठ तीन रविवार पहिला आला. दुधाचा टँकर चालवणारा माणूस, त्याला हे कसं जमतं? ऑरिन तेव्हा सेक्रेटरी होता आणि तिन्ही वेळा दुसरा आला होता. “नळी बदललेली आहे, दुसरं काय,” असं तो क्लबातल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात चार टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाला. पुढच्या बैठकीत त्याने नियम लिहिला, हात वर करवून मंजूर करवला आणि त्याच रविवारी वेंडेलसमोर चेक धरला. वेंडेलने रायफल काढून दिली.

घरी जाऊन ऑरिनने ती खोलली. नळी कारखान्यातलीच होती. बोल्टही तोच. विकत घेतलेला एक स्क्रूसुद्धा आत नव्हता. होतं ते फक्त काम, बारीक, चिकाटीचं, हाताने केलेलं काम, आणि ते ऑरिनच्या स्वतःच्या कामाहून सरस होतं. लोकांनी विचारलं, काय सापडलं रे? ऑरिन म्हणाला, “जाऊ द्या. माणूस आपलाच आहे.” वर मोठेपणाही मिळाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो अकरा वर्षं समजत होता.

आता तसाच चेक हातात घेऊन वेंडेल त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत आला. ऑरिन रायफलीची पिशवी छातीशी धरून उभा होता.

“मला ती नकोय, ऑरिन,” वेंडेल हलक्या आवाजात म्हणाला. “आत जा. सगळे आहेत. माझ्या रायफलीत तुला काय सापडलं होतं ते सांग. मी चेक फाडतो.”

“इतक्या वर्षांनी काय काढतोस?”

“तुझ्यासाठी ती नुसती वर्षं गेली. रूथ, माझी बायको, त्या शुक्रवारनंतर कधी मासे खायला आली नाही, माहितीये तुला? लोक वाईट बोलत नव्हते. आम्ही गेलो की बोलायचे थांबायचे, एवढंच.”

“मग आजवर का नाही मागितलंस?”

“तू जिंकल्याशिवाय कसं मागणार? तूच लिहिलास ना नियम.”

ऑरिनने क्लबाच्या खिडकीकडे पाहिलं. आत माणसं कॉफी ओतून घेत होती. याच माणसांनी आत्ता त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, कधी नव्हे ते. चार वाक्यं बोलायची होती. फळी परत घरी आली असती. त्याने पिशवीची चेन थोडी उघडली, वर्तुळ पाहिलं, पुन्हा लावली. लाज वाटत होती, हे खरं. पण लाजेपेक्षा टाळ्या जड झाल्या.

“चेकवर नाव नीट लिहिलंयस ना?” तो म्हणाला.

“लिहिलंय,” वेंडेल म्हणाला, आणि त्याने पिशवी घेतली.

तो चेक महिनाभर ऑरिनच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली होता. रोज सकाळी तो टेबलाशी कॉफी घेऊन बसायचा. टेबल आखूडच होतं, आधीही असायचं, पण आता ते लांब होणार नव्हतं. मार्लीसच्या जाण्याने जे झालं नव्हतं ते आता झालं. एका सकाळी कपात दूध घालता घालता तो हुंदके देऊन रडला.

मग त्याने तळघरातून वेंडेलची रायफल काढली. कापडी पिशवीत अकरा वर्षं ओलीत पडून नळीला गंज चढला होता. वरचा त्याने घासून काढला. आतला निघेना. दोन दिवस तो सळई आणि तेल घेऊन बसला आणि शेवटी त्याला कळलं की ही आता कधीच नेमकी मारणार नाही. इतकं चांगलं काम त्याने नुसतं ठेवून ठेवून मारलं होतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो क्लबात गेला आणि ती पिशवी बेव्हच्या टेबलावर ठेवली.

“बेव्ह, मला सगळ्यांना काही सांगायचंय.”

“वेंडेलच्या नळीबद्दल?” बेव्हने नावांच्या यादीवरून मान वर केली नाही.

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? नळी बदललेली असती, तर तू दुसऱ्या दिवशी इथे आणून आपटली असतीस. तू गप्प बसलास, तेव्हाच कळलं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. मार्लीसलासुद्धा. तीच म्हणायची, बोलेल तो, त्याला वेळ द्या.”

ऑरिनने खुर्चीची पाठ धरली. “मग वेंडेलला कुणी सांगितलं का नाही?”

“ते तुझं काम होतं,” बेव्ह म्हणाली. “आता सांगायचं तर लवकर सांग. दहाला सुरू करायचंय.”

तो बाहेर गेला. बाकांवर आठ-दहा जण गोळ्या मांडत होते. तो त्यांच्यामागे उभा राहून म्हणाला, “अकरा वर्षांपूर्वी वेंडेलने काहीही बदललेलं नव्हतं. सगळं हाताचं काम होतं. मला ते ठाऊक होतं.” आवाज बऱ्यापैकी मोठा लागला. दोघा-तिघांनी माना हलवल्या. एकाने गोळ्यांची डबी बंद केली. बाकीचे गोळ्या मांडत राहिले.

वेंडेल मागे वळला. त्याचा चेहरा अगदी शांत होता. ऑरिनला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल, निदान शिवी तरी देईल.

“चेक वटव आता, ऑरिन,” वेंडेल म्हणाला. “माझा हिशेब महिनाभर अडकून पडलाय.”

बेव्हने घंटा वाजवली. सगळ्यांनी कानांवर झाकणं ओढली. वेंडेल बाकावर पुढे झुकला, दस्ता खांद्याशी घेतला आणि गाल त्या पांढऱ्या वर्तुळावर टेकवला.