दोन्हीकडे सारखंच

आमचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट कधी एका दोरावर टांगत नाहीत, चार-पाच दोर असतात आणि त्यातला एकटा एकसुद्धा सगळं वजन पेलतो, हे त्याने लग्न ठरल्यापासून मला इतक्यांदा सांगितलंय की मी मेल्यावरही सांगेल. घरात कुलपं दोन, इस्त्र्या दोन, छत्र्यांचं तर विचारूच नका. त्यामुळे माझा आवाज जपून ठेवायची वेळ आली तेव्हा त्याने डिस्कही दोनच आणल्या.

घशात गाठ निघाली आणि डॉक्टर माझं स्वरयंत्रच काढणार होते. मी पोहायला शिकवायचे. तलावाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला "गुडघे वाकवू नकोस, गाढवा!" म्हटलं की बाजूने पोहणाऱ्या मोठ्या माणसांचेही गुडघे सरळ व्हायचे. एक कंपनी अशी सापडली की ऑपरेशनच्या आधी आपण भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून द्यायची, त्यावरून ते आपला आवाज तयार करतात. मग फोनवर टाइप केलं की फोन आपल्याच आवाजात बोलतो. मी रोज सकाळी बसून वाक्यं वाचली. कपाटाचं दार लाव. मला भूक नाही. मूर्ख आहेस का? हे शेवटचं त्यांच्या यादीत नव्हतं, पण त्याच्याशिवाय माझा संसार चालला नसता. सगळी एकत्र पाठवायची होती, तर ऑपरेशनची तारीख अलीकडे आली आणि पाठवणं राहून गेलं.

मी घरी आले ती गळ्याला भोक घेऊन. श्वास आता तिथून येतो-जातो, त्यामुळे साधी शिट्टीही फुंकता येत नाही. हातात लिहायची पाटी. मी दवाखान्यात असताना नवऱ्याने दोन डिस्कची जोडी लावून ठेवली होती. एकीवर जे होईल ते त्याच क्षणी दुसरीवर. "एक दोर तुटला तरी दुसरा आहे," तो म्हणाला, आणि इतका खुशीत होता की मी पाटीवर 'शाबास' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीला पाठवायला म्हणून फायली उघडायला गेला, तर एकही उघडेना. पडद्यावर नुसत्या तक्रारी. धाकटा दीर कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"दादा, जोडी लावलीस तेव्हा डिस्क रिकामी होती की भरलेली?"

"भरलेली. तुझ्या वहिनीचा आवाज होता ना तिच्यावर."

"अरे देवा. मग जोडीने स्वतःच्या खुणेसाठी थोडी जागा खाल्ली असणार. फायली कुठे आहेत त्याचा एक नकाशा असतो, त्यात डिस्क अजून पूर्वीएवढीच मोठी आहे. नकाशा म्हणतोय पुढे खोली आहे, आणि तिथे आहे भिंत. घाबरू नकोस, आवाज बहुतेक जागेवरच असेल. फक्त सगळं बंद कर, एक डिस्क काढून बाजूला ठेव. मी येतोच."

"अरे, पण दोन आहेत ना!"

"दादा, हात लावू नकोस."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग ही म्हण आमच्या घरात बघूनच कुणीतरी केली असावी. मी गळ्यातली नळी धुवायला मोरीत गेले. बाहेर आले तर हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालू करून बसलेला. प्रोग्राम बिचारा दर वेळी परवानगी मागत होता. हा तुकडा नकाशात बसत नाही, काढू का? हो. हाही काढू? हो. याला उत्तरं द्यायचा कंटाळा आला असावा, कारण माझ्या डोळ्यांदेखत त्याने 'सगळ्याला हो' करून टाकलं आणि ओळी भराभर धावू लागल्या. मला त्या लांबूनही वाचता येत होत्या. काढलं. काढलं. तोडलं. काढलं.

मी ओरडले. म्हणजे तलावावर करायचे तसं पोट आत घेतलं, तोंड उघडलं, आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा गेली. मग टाळ्या वाजवल्या. त्याने मागे न बघता हात वर केला. "थांब गं, दुरुस्त होतंय." धावत जाऊन त्याचा खांदा ओढला तोवर ओळी थांबल्या होत्या. पूर्वी मी आतल्या खोलीतून नुसतं "अरे!" म्हटलं असतं तरी त्याचं बोट जागच्या जागी राहिलं असतं.

दीर आला, खुर्ची ओढून बसला आणि पडद्यावरच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचत गेला.

"दुसरी डिस्क आहे की," नवरा म्हणाला. "ती लाव."

"ती लावलेलीच होती, दादा. तू जे जे पुसलंस ते तिच्यावरही पुसलं गेलं. दोन्हीकडे सारखंच आहे."

"मग दुसरी असते कशाला?"

"एक डिस्क बिघडली तर. माणूस बिघडला तर नाही."

नवरा भिंतीला टेकून खालीच बसला. अधांतरी अडकलेल्या माणसांना दाराबाहेरून धीर देणारा माणूस, त्याला स्वतःला उठता येईना. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. दोन्ही अगदी मनापासून.

दिराने हाडाची काडं करून संध्याकाळपर्यंत काही फायली उकरून काढल्या. "वहिनी, सुरुवातीचे तुकडे मिळताहेत. पुढे कोरं आहे. ऐकवू?"

मी मान डोलावली.

रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं काम नवऱ्याचं असायचं. तो बटण दाबून मला सांगायचा, मग मी वाचायचे.

"हं, बोल," स्पीकरमधून त्याचा आवाज आला. पुढे काही नाही.

दिराने दुसरी लावली. "हं, बोल." तिसरी. चौथीत तो हसत होता, म्हणजे बटण दाबायच्या आधी मी काहीतरी खवचट बोलले असणार. "बरं, बोल आता." पुन्हा काही नाही.

दिराने आवाज कमी केला. "कमी नको करूस," नवरा खालूनच म्हणाला. "सगळ्या लाव. एखादीत असेल."

मी पाटी उचलली. 'मी रागावले नाही' असं लिहायचं होतं. ते खरं नव्हतं, म्हणून पाटी पुन्हा खाली ठेवली.

"हं, बोल."

माझे ओठ आपोआप हलले. दिराने ते पाहिलं आणि तो पाणी प्यायला आत निघून गेला. नवऱ्यानेही पाहिलं. तो उठला, आणि पुढची फाईल त्याने स्वतः लावली.